डावा सिलिंडर

११ जानेवारी

ही वही इंजिनाची आहे. कारखान्यात प्रत्येक कामाची नोंद ठेवायची मला सवय होती. नोंद ठेवली की माणसाला स्वतःलाही शेंडी लावता येत नाही. घरातल्या गोष्टींना इथे जागा नाही.

तर पहिली नोंद. माझी दोन सिलिंडरची जुनी मोटारसायकल जिन्याखाली ताडपत्रीत वर्षानुवर्षं पडून होती. तिचं इंजिन खोलून मी गेले कित्येक महिने जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो होतो. आज दुपारी ती सुरू झाली. खोकली, धूर ओकली आणि चक्क चालू राहिली. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. पण वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीत होत्या, आणि एकट्याने टाळ्या पिटणारा म्हातारा त्यांच्या नजरेला पडला असता तर जेवणापूर्वी सगळ्या इमारतीत बोभाटा झाला असता.

थोडा वेळ झकास चाललं. मग डाव्या बाजूचा एक ठोका चुकला, मग आणखी एक, आणि मग डावी बाजू मेलीच. मी मुद्दाम बंद केलं नाही, उजव्या सिलिंडरवर तसंच लंगडू दिलं. मग दोन्ही धूरनळ्यांवर पाणी शिंपडलं. उजव्या नळीवरचे थेंब चर्रकन उडून गेले, डाव्या नळीवरचे नुसते ओघळले. म्हणजे डावीकडे पेट्रोल जातंय पण पेटत नाही. किरकोळ काम आहे. दोन-तीन दिवसांत होईल.

झालं की हिला आणायला जाणार. ही मुलीकडे गेली आहे, तिचं नवीन घर लावून द्यायला. आठ दिवसांसाठी म्हणून गेली ती अजून तिथेच. जाताना दारात म्हणाली होती, "गाडी चालू झाली की सांगा, मग बघू." लग्नानंतर याच गाडीवर मी तिला घरी आणलं होतं, आता पुन्हा याच गाडीवर आणीन. (हे इंजिनाशी संबंधित आहे म्हणून लिहिलं.)

१३ जानेवारी

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावला. हा माझा नियम. माझं आयुष्य कारखान्याच्या मापन-खोलीत गेलं. तिथे बारा महिने एकच तापमान. लेथवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे कापून तयार झालेला भाग, कुणी घेऊन आला तर मी त्याला दारातूनच परत पाठवायचो. धातू तापला की फुगतो आणि वाट्टेल ते माप दाखवतो. थंड झाला की मुकाट्याने खरं सांगतो.

दोष शोधायची माझी पद्धत अदलाबदलीची आहे. डावा प्लग उजवीकडे लावायचा, उजवा डावीकडे. दोष प्लगबरोबर उजवीकडे गेला तर प्लग गुन्हेगार, नाही गेला तर निर्दोष सुटका. मग वायर, मग कंडेन्सर, मग कार्ब्युरेटर. दोन सिलिंडर असण्याचा हाच फायदा, एक नेहमी साक्षीदार म्हणून हजर असतो.

आज प्लग बदलले. थोडा वेळ गोडीत चाललं आणि तापल्यावर डावी बाजू पुन्हा मेली. डावीकडचा प्लग काळाकुट्ट आणि ओला, उजवीकडचा विटकरी रंगाचा आणि कोरडा, हवा तसा. प्लग सुटला.

काम चालू असताना मुलीचा फोन आला. मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आई कशी आहे ते तरी विचारा."

मी म्हटलं, "बरीच असणार. गोळ्या लेबल लावून दिल्यात मी, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या."

ती मग म्हणाली, "हो, लेबलं छान आहेत."

१५ जानेवारी

संध्याकाळी टर्नर आला. टर्नर म्हणजे कारखान्यात लेथवर असलेला माझा जुना सोबती. त्याचं खरं नाव सगळेच विसरलेत, बहुधा त्याची बायकोसुद्धा. उभी हयात त्याने जॉब बनवले आणि मी ते तपासले. निम्मे परत पाठवले असं तो चारचौघांत सांगतो. निम्मे नाहीत, कमी. या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर त्यानेच आतून कापून नवीन पिस्टनच्या मापाला आणून दिले, तेही ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या सुटीच्या दिवशी उभं राहून. ही गेल्यापासून माझ्याकडे येणारा तो एकटाच. येताना बिस्किटांचा पुडा आणतो आणि बहुतेक बिस्किटं स्वतःच खातो.

"चालू कर की, ऐकू दे," म्हणाला. मी किक मारली. त्याने डोळे मिटून मान डोलावली. "काय गप्प चालतंय रे! त्या काळच्या गाड्या केवढी टकटक करायच्या."

मग मला राहवलं नाही. ही माझ्या कामातली सर्वांत बारीक गोष्ट आहे, आणि ती विचारणारं कुणी भेटलंच नव्हतं. इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह, म्हणजे उघडझाप करणारी झडप, असतो, त्याला दाबणारा एक लहानसा हात असतो, आणि त्या दोघांत कागदाएवढी फट ठेवा असं पुस्तक सांगतं. त्या फटीमुळेच टकटक होते. उजवी बाजू मुळात शांत होती, तिला मी हात लावला नाही. डावी बाजू मात्र कारट्यासारखी वाजत होती. मी स्क्रू पिळत पिळत ती फट बंद करून टाकली. आवाज गेला.

"पण पुस्तकात ठेवायला सांगितलीय ना?"

"पुस्तक त्या काळच्या ढिसाळ कामासाठी लिहिलंय. ज्याचं काम चोख त्याला फट कशाला लागते? फट म्हणजे कामचुकारपणा."

"बरं बाबा. तुझ्यापुढे कोण बोलणार," म्हणाला आणि त्याने शेवटचं बिस्किट उचललं.

तेवढ्यात डावी बाजू मेली. मला त्याच्यासमोर ओशाळल्यासारखं झालं. तो मात्र हसला. "येईल रे ठिकाणावर. म्हातारी आहे, वेळ लागतो." त्याला सगळ्याच गोष्टींत वेळ लागतो, म्हणून तर त्याचे जॉब परत यायचे.

१९ जानेवारी

वायर निर्दोष. कंडेन्सर निर्दोष. दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोलने धुतले, भोकं फुंकून साफ केली, डावा उजवीकडे लावला. दोष हटून बसलाय. थंड असताना शहाण्यासारखं चालतं आणि तापलं की डावीकडे फट् फट् आवाज काढून बंद पडतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळायला मार्ग नाही.

घराबद्दल एक तांत्रिक निरीक्षण: ही गेल्यापासून एकही वस्तू जागेवरून हललेली नाही. कपांचे कान सगळे उजवीकडे. टॉवेलच्या घड्या काठाला काठ लावून. हिच्या घड्या नेहमी तिरक्या यायच्या, मी काही न बोलता पुन्हा घालायचो. आता पुन्हा घालाव्या लागत नाहीत. हे सोयीचं आहे. सकाळी कपाटासमोर उगाच उभा राहिलो होतो, कशासाठी ते आठवेना.

दुपारी हिला फोन लावला आणि ती काही बोलायच्या आत म्हटलं, "ऐक." फोन इंजिनाजवळ धरून किक मारली. व्यवस्थित ऐकू जाईल एवढा वेळ धरला.

"आली का ऐकू?"

"आली." मग म्हणाली, "अहो, तिची टकटक कुठे गेली?"

"तीच तर काढून टाकली!"

"का? मला आवडायची. मागे बसलं की ऐकू यायची. तुम्ही रस्ताभर अवाक्षर काढायचा नाहीत, तेवढाच काय तो आवाज असायचा." जरा थांबून म्हणाली, "आता कसं घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय."

हिला व्हॉल्व्ह आणि पिस्टन यातला फरक माहीत नाही. मी हसून सोडून दिलं. पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी हिला हाका मारत होतं. "ठेवते हं, खाली दुकानात लोक थांबलेत," म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा. कोणतं दुकान, ते विचारायचं राहिलं.

२३ जानेवारी

आता एकच जागा उरली, सिलिंडर स्वतः. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. डाव्या सिलिंडरची आतली गोलाई वरून, मधून, खालून मोजली, सरळ आणि आडवी. माप मर्यादेत आहे. पुन्हा मोजलं. मर्यादेत आहे. माझ्याच उपकरणावर माझाच विश्वास बसेना म्हणून उपकरण तपासलं. उपकरण बरोबर आहे.

पण डाव्या बाजूचं बाकी सगळं मी स्वतः केलंय. सिलिंडर तेवढा दुसऱ्याच्या हातचा आहे.

२५ जानेवारी

टर्नर आला. मी बिस्किटांचा पुडा बाजूला ठेवला आणि त्याला सरळच विचारलं, डावा सिलिंडर कापताना काही झालं होतं का, मशीनचा पट्टा घसरला, हत्यार बोथट झालं, असं काही.

"का? माप चुकलंय?"

"माप बरोबर आहे."

"मग?"

"मग कुठेतरी तुझी चूक असणार. माझ्या बाजूने मी सगळं तपासलंय."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याचा चष्मा काही घाण नव्हता.

"हे बघ," तो म्हणाला, "कारखान्यात तू माझे जॉब परत पाठवायचास, मी मुकाट पुन्हा करून द्यायचो. तो तुझा पगार होता. मी घरी जाऊन कधी तुझ्या नावाने बोटं मोडली नाहीत. हे मात्र मी पगारासाठी केलं नव्हतं."

"कामाला काम म्हणावं. त्यात मैत्री आणू नये."

"नको आणूस," तो म्हणाला. चहा तसाच ठेवून उठला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता, गुडघ्यांमुळे तो एकेक पायरी उतरतो. मला वाटलं फाटकापाशी थांबेल. थांबला नाही.

माणसं कामावरची टीका मनाला लावून घेतात. हिचंही तेच. मी एवढंच म्हणायचो की कुकरची शिट्टी झाली की लगेच गॅस कमी कर, किंवा काम करताना गुणगुणू नकोस, माझं लक्ष विचलित होतं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

३० जानेवारी

काही केलं नाही. इंजिनासमोर स्टूल टाकून बसलो. पाऊण पुडा बिस्किटं शिल्लक होती, ती संपवली.

२ फेब्रुवारी

मुलगी आली होती, हिचे स्वेटर न्यायला. स्वेटर मी आधीच काढून ठेवले होते, गडद रंग खाली, फिके वर. तिने ते न बघता पिशवीत कोंबले. स्वभाव आईवर गेलाय.

इंजिन दाखवायचा प्रयत्न केला. ती स्टुलावर बसली, पण इंजिनाकडे पाठ करून.

"बाबा, आई आता आमच्या इमारतीखालच्या पडद्यांच्या दुकानात बसते. रोज. शिलाईचं बघते, गिऱ्हाइकांशी बोलते. दिवसभर गुणगुणत असते. मला तर माहीतच नव्हतं तिला इतकी गाणी येतात."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"मग ऐकलंत कधी?"

मी म्हटलं, "हे बघ, डावा सिलिंडर चालू झाला की मी लगेच येतो तिकडे. तिनेच सांगितलंय तसं."

मुलगी पिशवीचे बंद बांधत होती. बांधून झाले तरी बांधतच होती. मग म्हणाली, "बाबा, आई बहुतेक परत येणार नाहीये."

बहुतेक. आम्ही मापन-खोलीत 'बहुतेक' लिहिणाऱ्याला कागद परत द्यायचो. एक तर मापाच्या आत, नाहीतर बाहेर.

तिला मी फाटकापर्यंत सोडलं. परत आलो आणि पान्हा घेऊन बसलो, पण एकही नट फिरवला नाही. मला भीती वाटते आहे, ती इथे एकदा लिहून टाकतो. ही गाडी नीट चालली नाही तर मी कोणत्या तोंडाने तिच्याकडे जाणार? 'अशीच आली होती आठवण म्हणून आलो' असं म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

५ फेब्रुवारी

सापडलं.

सकाळी हेड परत बसवून इंजिन सुरू केलं. नेहमीप्रमाणे तापलं, नेहमीप्रमाणे डावी बाजू मेली. आज माझं डोकंच फिरलं. थंड होण्याची वाट न बघता मी गरम इंजिनावर झेपावलो आणि उजवा प्लग काढून फेकला, म्हणजे किकला फक्त डावा सिलिंडर उरेल. मनगट नळीला लागलं आणि चांगलं भाजलं. त्याच तिरमिरीत किकवर पाय मारला.

किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. दाबच नाही. डाव्या सिलिंडरमध्ये हवा कोंडलीच जात नव्हती, कुठूनतरी निसटत होती. मनगट नळाखाली धरून बसलो. मग इंजिन गार झालं आणि पुन्हा किक मारली. पायाला घट्ट दाब लागला, अगदी ठणठणीत.

म्हणजे थंड असताना सगळं मापात आणि तापलं की भोक. मी आजवर एकही माप गरम असताना घेतलं नव्हतं.

मग अर्थातच कळलं. इंजिन तापलं की आतली प्रत्येक वस्तू वाढते. व्हॉल्व्हचा दांडाही वाढतो. ती कागदाएवढी फट त्याच्या वाढण्यासाठी ठेवलेली असते. मी ती बुजवली. वाढायला जागा नाही म्हणून दांडा वरच्या हाताला टेकायचा, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवरून किंचित उचललेला राहायचा, आणि सगळी ताकद त्या झिरीतून निघून जायची. प्लग, वायर, कार्ब्युरेटर, सिलिंडर, सगळे निर्दोष. साक्षीदार म्हणून उभा होता तो उजवा सिलिंडर, आणि त्याची फट मी सोडून दिली होती, ती वाजत नव्हती म्हणून.

ही टकटकीबद्दल म्हणाली होती खरी. पण तिने ते अंदाजाने म्हटलं.

मनगटावर फोड आलाय. मलम कुठे ठेवते ही, ते सापडलं नाही. माझ्या कपाटात सगळं लेबल लावून आहे, तिच्या कपाटात नाही.

६ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह थोडा जळला होता, घासून पुन्हा बसवला. पुस्तकात सांगितलेली फट, पुस्तकात सांगितली तेवढीच ठेवली. डावी बाजू लगेच वाजायला लागली, टक टक टक टक. मला तो आवाज अजूनही सहन होत नाही. दातांत कळ जाते. पण इंजिन चालत राहिलं. तापलं तरी चालत राहिलं. दोन्ही नळ्यांवर पाणी शिंपडलं, दोन्हीकडे चर्र झालं. शेवटी मीच कंटाळून बंद केलं.

टर्नरला कळवावं का, असा विचार मनात आला. चालू झाली हे त्याला कुणाकडून तरी कळेलच. कळलं की सिलिंडर बरोबर होते हेही त्याच्या लक्षात येईल. वेगळं सांगण्याची गरज दिसत नाही.

परवा सकाळी निघतो. हिला कळवलेलं नाही. दारात जाऊन उभं राहायचं आणि तिने आवाज ऐकून खाली यायचं, असं ठरवलंय.

८ फेब्रुवारी

आज घडलं ते घडलं तसं लिहितो, मापात किंवा मापाबाहेर.

गाडी वाटेत एकदाही चुकली नाही. चढावर, उतारावर, सिग्नलला, दोन्ही ठोके सारखे. मुलीच्या इमारतीखाली पोचलो तेव्हा ही खरोखरच दुकानात होती. गळ्यात मापाची टेप, केसांना पेन्सिल खोचलेली. आवाज ऐकून बाहेर आली. इंजिन चालूच ठेवलं होतं मी. तिने मान तिरकी करून ऐकलं आणि हसली.

"आली की टकटक परत."

"आली," मी म्हटलं. "तूच म्हणाली होतीस." हे बोलायचं ठरवलं नव्हतं.

"झाली तर गाडी." तिने टाकीवरून हात फिरवला. "छान झाली. टर्नरभावजी खूश झाले असतील."

मी म्हटलं, "बस."

तिने मागे वळून दुकानातल्या बाईंना काहीतरी खूण केली आणि बसली. पूर्वी बसायची तशीच, एक हात माझ्या खांद्यावर. मला काय वाटलं ते लिहायला शब्द नाहीत माझ्याकडे. आनंद झाला. नुसता आनंद झाला, बस्स.

गल्लीतून निघालो, बागेला वळसा घातला. तिला वाटत होतं एक चक्कर मारून परत दुकानापाशी. मी पण तसंच काहीतरी म्हटलं होतं. पण मोठ्या रस्त्याचा चौक आला तेव्हा मी गाडी उजवीकडे न वळवता डावीकडे घातली, घराच्या दिशेला.

थोडं अंतर गेलो. मग खांद्यावरचा हात उचलला गेला.

"अहो, इथे थांबवा."

मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं नाही, स्वच्छ ऐकू आलं. मला वाटलं थोडं पुढे गेलो की ती गप्प बसेल. आजवर बसत आली आहे.

"थांबवा म्हणते ना!"

रस्त्यावरची माणसं बघायला लागली एवढ्या मोठ्याने म्हणाली. हा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. मी बाजूला घेऊन थांबलो. ती उतरली, पेन्सिल खाली पडली ती उचलली.

"मला विचारलंत का?" ती म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "एवढे महिने ते इंजिन खोललंत, जोडलंत. एकदा तरी विचारायचं, येतेस का म्हणून."

"गाडी चालू झाली की येईन म्हणाली होतीस तू."

"मग बघू, म्हणाले होते." ती माझ्याकडे बघत राहिली. "बघितलं. मी इथे बरी आहे हो. तुमच्यावर राग नाहीये माझा. पण त्या घरात मला पाऊल वाजवायची चोरी होती."

मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. फार मोठं वाक्य नव्हतं ते. मी म्हटलं, "मनगट भाजलंय. मलम कुठे ठेवलंस?"

तिने माझा हात उलटा करून फोड बघितला. "तुमच्याच कपाटात, वरच्या खणात," म्हणाली. "लेबल तुम्हीच लावलंय." मग हात सोडला आणि आलेल्या वाटेने चालायला लागली. मी आरशात बघत होतो. चौकात ती एकदा थांबली, पण गाड्या जाऊ देण्यासाठी.

परतीच्या वाटेवरही गाडी एकदाही चुकली नाही.

१२ फेब्रुवारी

गाडीवर ताडपत्री टाकली. टर्नरच्या घरापर्यंत गेलो होतो. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, ते झोपलेत. दिवसाढवळ्या. आतून रेडिओचा आवाज येत होता, आणि मी पायरीवर असतानाच तो कुणीतरी बंद केला.

१५ फेब्रुवारी

मुलीचा फोन: आईचं शिलाई मशीन पाठवा, दुकानातलं धड चालत नाही. टेम्पोवाला दुपारी येईल.

मशीन आतल्या खोलीत खिडकीपाशी असतं. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी हात लावला नव्हता. पाठवण्यापूर्वी नीट तपासून, तेलपाणी करून द्यावं म्हणून हत्यारं घेऊन बसलो. पट्ट्याचा ताण बघितला, बरोबर होता. सुई सरळ. खालची तबकडी उघडली, आत धाग्याचा एक तुकडा नाही, पुसून लख्ख. प्रत्येक सांध्यात तेलाचा ताजा थेंब, जास्त नाही, कमी नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी घातलं असणार. मी सगळं पुन्हा एकदा तपासलं. त्यात करण्यासारखं काहीच नव्हतं.

टेम्पोवाला आणि मी मिळून ते खाली नेलं. खोलीत खिडकीपाशी फरशीवर चार फिकट चौकोन उरलेत.

संध्याकाळी हिला फोन केला. म्हटलं, "मशीन पोचलं?"

"पोचलं."

"तेल घातलं नाही मी. गरज नव्हती."

"माहीत आहे."

तिच्याकडे मागे दुकान होतं, कापड फाडल्याचा आवाज, कुणीतरी काहीतरी विचारत होतं. माझ्याकडे काहीच नव्हतं. मला ती परत हवी आहे. तिरक्या घड्या, कुकरच्या शिट्ट्या, गाणी, सगळ्यासकट हवी आहे. हे या वहीत लिहायला मला अजिबात वेळ लागत नाहीये. तिथे फोन कानाला लावून उभा होतो, तोंड उघडलेलं होतं, आणि शब्द निघाला नाही.

"ठेवू का?" तिने विचारलं. घाई नव्हती तिला. मी काही म्हणतोय का याची वाट बघून मगच विचारलं तिने.

मी म्हटलं, "ठेव."